जुन्या आणि नव्या ऑपरेटिंग सिस्टीममधील दूरस्थ साहाय्य: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मदत मागणाऱ्याचा संगणक एका पिढीचा आणि मदत करणाऱ्याचा दुसऱ्या पिढीचा असला, की दूरस्थ साहाय्याची, म्हणजे दुरून दुसऱ्याचा पडदा पाहून मदत करण्याची, जोडणी अनेकदा पहिल्याच पायरीवर अडते. येथील बहुतेक उत्तरे विंडोजविषयी आहेत, कारण बहुतेक प्रश्नही तिच्याविषयीच येतात. मॅक आणि लिनक्स यांचा विचार शेवटाकडे केला आहे. सर्व उत्तरांमागे भूमिका एकच आहे, ती म्हणजे जुळवून घेण्याचा भार मदत करणाऱ्याने उचलावा. ज्याचा संगणक अडला आहे त्याला ‘आधी नवी प्रणाली बसवा, मग पाहू’ असे सांगणे म्हणजे आजाऱ्याला बरे होऊन दवाखान्यात या, असे सांगण्यासारखे आहे.

मदत करणाऱ्याची प्रणाली नवी आणि मदत घेणाऱ्याची जुनी असेल, तर जोडणी होते का?

बहुतेक वेळा होते. उलट दिशेने, म्हणजे जुन्या संगणकावरून नव्या संगणकाला मदत करताना, अडचणी जास्त येतात. दोन संगणक जोडले जाताना प्रथम आपापल्याला येणाऱ्या संदेशनियमांची आवृत्ती एकमेकांना सांगतात आणि दोघांनाही समजेल अशी आवृत्ती निवडतात. नव्या प्रणालीला सहसा जुने नियम ठाऊक असतात, परंतु जुन्या प्रणालीला तिच्यानंतर तयार झालेले नियम ठाऊक असणे शक्य नसते. त्यामुळे संवादाची पातळी जुना संगणक ठरवतो आणि नवीन सोयी त्या पातळीच्या वर असल्या तर त्या निमूटपणे गळून पडतात.

या नियमाला एक महत्त्वाचा अपवाद आहे. सुरक्षिततेच्या कारणास्तव नव्या प्रणालींनी काही जुन्या पद्धती जाणूनबुजून बंद केल्या आहेत. तेथे नव्या संगणकाला जुनी भाषा येत असते, पण तो ती बोलण्यास नकार देतो. ‘काल चालत होते, आज अद्ययावत केल्यावर बंद पडले’ अशा तक्रारींच्या मुळाशी पुष्कळदा हेच असते.

जोडणीचा प्रयत्न करण्यापूर्वी दूरध्वनीवर कोणती माहिती विचारून घ्यावी?

प्रणालीचे नाव, तिची आवृत्ती, ती होम आहे की प्रोफेशनल, ३२ बिट आहे की ६४ बिट आणि संगणकावर दिसणारी आजची तारीख. विंडोजमध्ये ‘रन’ च्या चौकटीत विनव्हर (winver) ही आज्ञा इंग्रजी अक्षरांत टंकून एंटर दाबल्यास आवृत्तीची खिडकी उघडते; ही आज्ञा एक्सपी या जुन्या आवृत्तीपासून विंडोज ११ पर्यंत सर्वत्र चालते. तारीख विचारणे अनेकांना विचित्र वाटते, परंतु त्या एका प्रश्नाने किती वेळ वाचतो हे पुढे प्रमाणपत्रांविषयीच्या उत्तरात स्पष्ट होईल. ही माहिती विचारताना समोरच्याला परीक्षा घेतल्यासारखे वाटू नये. पडद्यावर जे दिसते ते जसेच्या तसे वाचून दाखवा, एवढेच सांगणे पुरेसे असते.

विंडोजमधील ‘रिमोट असिस्टन्स’ कोणत्या आवृत्त्यांमध्ये परस्परांशी चालते?

दुसऱ्याला निमंत्रण देऊन आपला पडदा दाखवण्याची ही अंगभूत सोय २००१ साली विंडोज एक्सपीबरोबर आली आणि विंडोज ११ मध्येही ती अजून आहे. मात्र नाव तेच राहिले असले, तरी आतील रचना एक्सपीनंतरच्या व्हिस्टा या आवृत्तीत मोठ्या प्रमाणात बदलली. एक्सपी या कामासाठी ३३८९ क्रमांकाचे ठरलेले पोर्ट, म्हणजे नेटवर्कवरील प्रवेशद्वार, वापरत असे. व्हिस्टापासून पुढे प्रत्येक वेळी वेगळे पोर्ट निवडले जाते. त्यामुळे एक्सपीच्या काळात फायरवॉलमध्ये (नको असलेल्या जोडण्या अडवणाऱ्या व्यवस्थेत) लिहून ठेवलेला एका पोर्टचा नियम नव्या संगणकांसाठी उपयोगी पडत नाही आणि अशा ठिकाणी पोर्टऐवजी रिमोट असिस्टन्स या प्रोग्रामलाच परवानगी द्यावी लागते.

एक्सपी आणि व्हिस्टा यांच्यात निमंत्रणाच्या, म्हणजे मदत घेणाऱ्याने तयार करून पाठवलेल्या, फाइलद्वारे जोडणी होते, पण एक्सपीत असलेले ध्वनिसंभाषण व्हिस्टामधून काढून टाकण्यात आले आणि व्हिस्टात नव्याने आलेली ‘थांबवा’ ही सोय एक्सपीला समजत नाही. मदत घेणाऱ्याने काही खासगी माहिती उघडण्यापूर्वी पडदा झाकण्यासाठी ‘थांबवा’ चा उपयोग होतो; समोर एक्सपी असेल तर ते शक्य होणार नाही, हे आधीच सांगणे मदत करणाऱ्याचे कर्तव्य आहे.

निमंत्रणाची फाइल नीट पोहोचूनही एक्सपीच्या संगणकावर उघडत नसेल, तर फाइल तयार करणाऱ्या नव्या संगणकातील एक खूण तपासावी. सिस्टीमच्या गुणधर्मांतील ‘रिमोट’ या विभागात, ‘ॲडव्हान्स्ड’ खाली, निमंत्रण केवळ व्हिस्टा किंवा त्यानंतरच्या संगणकांवरच उघडावे असा पर्याय असतो. तो निवडलेला असेल तर फाइलमधील पत्त्याची माहिती एक्सपीला वाचता न येणाऱ्या पद्धतीने सांकेतिक केली जाते. आणखी एक नेहमीची चूक म्हणजे निमंत्रण पाठवून झाल्यावर खिडकी बंद करणे. व्हिस्टापासून पुढे ती खिडकी उघडी असेपर्यंतच निमंत्रण जिवंत राहते. काम झाले असे समजून लोक ती बंद करतात आणि मदत करणारा मात्र पलीकडे वारंवार प्रयत्न करत राहतो.

‘ईझी कनेक्ट’ हा पर्याय पूर्वी चालत होता, आता का चालत नाही?

फाइल पाठवण्याचा त्रास वाचावा म्हणून विंडोज ७ मध्ये ईझी कनेक्ट आले. त्यात १२ अक्षरांचा पासवर्ड समोरच्याला सांगितला, की दोन संगणक एकमेकांना आपोआप शोधत असत. हा शोध संगणकांनी संगणकांना थेट विचारण्याच्या एका जाळ्यावर आणि आयपीव्ही६ या नव्या इंटरनेट-पत्तापद्धतीवर अवलंबून होता. विंडोज १० च्या १९०९ या आवृत्तीतून शोधाची ती व्यवस्थाच काढून टाकण्यात आली. त्यामुळे पर्याय पडद्यावर दिसला तरी तो यशस्वी होईल, अशी अपेक्षा ठेवू नये. एका बाजूला विंडोज ७ आणि दुसऱ्या बाजूला सध्याची विंडोज असेल, तर फाइलचे निमंत्रण किंवा दुसऱ्या एखाद्या कंपनीचे साधन हेच मार्ग उरतात.

विंडोज ७ च्या संगणकावर ‘क्विक असिस्ट’ बसवता येईल का?

नाही. क्विक असिस्ट हे मायक्रोसॉफ्टचे साहाय्याचे नवे साधन २०१६ मध्ये विंडोज १० च्या १६०७ या आवृत्तीबरोबर आले आणि विंडोजच्या त्याआधीच्या कोणत्याही आवृत्तीसाठी ते उपलब्ध नाही. दोन्ही बाजूंना विंडोज १० किंवा ११ असेल, तर मात्र हाच सर्वांत सोपा मार्ग आहे. मदत करणाऱ्याने मायक्रोसॉफ्ट खात्याने प्रवेश करावा, मिळालेला अल्पकाळ टिकणारा संकेतांक समोरच्याला सांगावा आणि त्याने तो भरून परवानगी द्यावी. मदत घेणाऱ्याला खाते लागत नाही. २०२२ मध्ये प्रणालीतील मूळ क्विक असिस्टच्या जागी मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधील ॲप आले. म्हणून अद्ययावत न केलेल्या विंडोज १० वर जुने क्विक असिस्ट उघडत असूनही जोडणी होत नाही, असा अनुभव येतो. तेथे प्रथम स्टोअरमधून नवे ॲप घ्यावे.

‘रिमोट डेस्कटॉप’ सर्व विंडोजमध्ये असते. मग त्याचाच वापर का करू नये?

करता येतो, परंतु रिमोट डेस्कटॉप हे दुसऱ्या संगणकात दुरून प्रवेश करून तो स्वतः चालवण्याचे साधन आहे; साहाय्यासाठी ते योग्य साधन नाही, असे माझे ठाम मत आहे. रिमोट डेस्कटॉपने एखाद्या नेहमीच्या विंडोज संगणकात प्रवेश केला, की त्या संगणकासमोर बसलेल्या व्यक्तीचा पडदा कुलूपबंद होतो. काय केले जात आहे हे तिला दिसत नाही, चूक कोठे होती हे तिला कळत नाही आणि ‘मला दिसते आहे तसे तुम्हाला दिसते का’ हा साहाय्यातील सर्वांत महत्त्वाचा प्रश्न विचारताच येत नाही. शिवाय होम आवृत्तीच्या संगणकावरून दुसऱ्याकडे जाता येते, पण होम आवृत्तीच्या संगणकात बाहेरून प्रवेश देण्याची सोय विंडोजमध्ये नाही. एक्सपी होमपासून विंडोज ११ होमपर्यंत हेच धोरण राहिले आहे. ज्या संगणकासमोर कोणी बसलेले नाही, त्याच्या देखभालीसाठी मात्र हे साधन उत्तम आहे.

एक्सपीवरून नव्या संगणकाशी रिमोट डेस्कटॉपने जोडताना ओळखपडताळणीची त्रुटी येते. उपाय काय?

व्हिस्टापासून रिमोट डेस्कटॉपमध्ये अशी व्यवस्था आली, की पडदा दिसण्यापूर्वीच नेटवर्कच्या पातळीवर ओळख पटवावी लागते. एक्सपीला ही पद्धत तिसऱ्या सर्व्हिस पॅकनंतरच (सुधारणांच्या एकत्रित संचानंतरच) येते, आणि तेव्हाही ती आपोआप सुरू नसते. रजिस्ट्रीमध्ये, म्हणजे विंडोजच्या सेटिंगच्या नोंदवहीत, दोन नोंदी बदलून ती सुरू करावी लागते. नव्या संगणकावरची ही अट काढून टाकणे हा सोपा उपाय अनेक ठिकाणी सुचवला जातो. तो करू नये. एका जुन्या संगणकाला आत येता यावे म्हणून नव्या संगणकाचे दार सर्वांसाठी उघडे ठेवण्याचा तो प्रकार आहे.

‘क्रेडएसएसपी’ असा उल्लेख असलेला संदेश येऊन जोडणी नाकारली जाते. दोन्ही संगणक तर विंडोजच्याच अलीकडच्या आवृत्त्यांचे आहेत.

येथे आवृत्ती नव्हे, तर अद्ययावतपणा वेगळा आहे. ओळखपडताळणीच्या या घटकात एक दोष सापडल्याने मार्च २०१८ मध्ये दुरुस्ती प्रसिद्ध झाली आणि ८ मे २०१८ च्या अद्ययावतीकरणापासून दुरुस्त झालेल्या संगणकांनी दुरुस्त न झालेल्या संगणकांशी बोलणे थांबवले. म्हणजेच हुबेहूब एकच विंडोज असलेले दोन संगणक, केवळ एकाचे अद्ययावतीकरण मागे पडल्याने, एकमेकांना परके होऊ शकतात. मागे राहिलेला संगणक अद्ययावत करणे हाच खरा उपाय आहे. विंडोजच्या धोरण-सेटिंगमधील बंधन शिथिल करूनही जोडणी होते, पण ते अद्ययावतीकरण पार पाडण्यापुरते करावे आणि काम होताच पूर्ववत करावे. ‘नंतर करू’ म्हणून राहिलेली अशी शिथिलता वर्षानुवर्षे तशीच राहते.

साधन जुन्या संगणकावर सुरू होते, पण ‘सर्व्हरशी संपर्क होत नाही’ असे सांगते. इंटरनेट तर व्यवस्थित चालू आहे. हे कशामुळे होते?

हा प्रश्न सर्वांत जास्त वेळ खाणारा आहे, म्हणून उत्तर थोडे विस्ताराने देतो.

पहिले कारण सांकेतिक पद्धतीच्या आवृत्तीचे. सध्याची बहुतेक साधने दोन संगणकांना थेट जोडत नाहीत. दोघेही आधी एका मध्यस्थ सर्व्हरशी बोलतात आणि हे बोलणे टीएलएस या सांकेतिक पद्धतीने होते. मार्च २०२१ मध्ये टीएलएसच्या १.० आणि १.१ या आवृत्त्या अधिकृतपणे कालबाह्य ठरवल्या गेल्या, आणि पुष्कळ सर्व्हर आता किमान १.२ ची मागणी करतात. एक्सपीमधील अंगभूत व्यवस्था १.० च्या पुढे जात नाही. विंडोज ७ ला १.२ येते, पण काही कामांसाठी ती मुळात सुरू नसते आणि त्यासाठी स्वतंत्र अद्ययावतीकरण करून रजिस्ट्रीत नोंद करावी लागते. येथे एक बारकावा आहे. जे साधन विंडोजची अंगभूत व्यवस्था न वापरता स्वतःची सांकेतिक व्यवस्था बरोबर घेऊन येते, ते त्याच जुन्या संगणकावर विनातक्रार चालते. म्हणून एक साधन अडले तर ‘हा संगणकच चालणार नाही’ असा निष्कर्ष काढू नये. दुसरे साधन वापरून पाहावे.

दुसरे कारण प्रमाणपत्रांचे. सर्व्हरची ओळख पटवणारी प्रमाणपत्रे काही मूळ प्रमाणपत्रांच्या आधारावर उभी असतात, आणि त्या मूळ प्रमाणपत्रांची यादी संगणकात साठवलेली असते. वर्षानुवर्षे अद्ययावत न केलेल्या संगणकातील यादी शिळी होते. ३० सप्टेंबर २०२१ रोजी असेच एक फार मोठ्या प्रमाणावर वापरले जाणारे मूळ प्रमाणपत्र मुदतबाह्य झाले आणि चालू असलेली जुनी उपकरणे त्या दिवसापासून अनेक संकेतस्थळांना अविश्वासू मानू लागली.

तिसरे कारण इतके साधे आहे, की ते सहसा शेवटी सुचते. जुन्या संगणकाच्या मदरबोर्डवरील लहान बॅटरी संपली, की वीज बंद होताच त्याचे घड्याळ अनेक वर्षे मागे जाते. संगणकाच्या दृष्टीने आजचे प्रमाणपत्र तेव्हा भविष्यातले ठरते, म्हणून तो ते नाकारतो. तारीख दुरुस्त केली, की सर्व काही सुरळीत होते. सुरुवातीलाच तारीख विचारायची ती यासाठी.

नव्या साधनाची फाइल विंडोज ७ वर ‘अविश्वसनीय प्रकाशक’ किंवा अवैध स्वाक्षरी म्हणून का नाकारली जाते?

प्रोग्रामवरील डिजिटल स्वाक्षऱ्या आता एसएचए-२ या नव्या गणिती पद्धतीने केल्या जातात आणि विंडोज ७ ला त्या पूर्णपणे ओळखता याव्यात यासाठीचे अद्ययावतीकरण २०१९ मध्ये आले. ते बसवलेले नसेल तर खरी फाइलही खोटी वाटते. मदत घेणाऱ्याला ‘इशारा दुर्लक्षित करा’ असे सांगू नये. त्याने ती सवय लावून घेतली, तर पुढचा इशारा खरा असेल.

मदत करताना मधेच पडदा काळा का होतो? आणि काही खिडक्यांवर माउस चालत नाही, असे का?

व्हिस्टापासून प्रशासकीय परवानगी मागणारी चौकट एका वेगळ्या, सुरक्षित पडद्यावर दाखवली जाते. इतर प्रोग्रामना तो पडदा पाहता किंवा हाताळता येऊ नये, हाच त्यामागील हेतू आहे आणि दूरस्थ साहाय्याचे साधन हाही एक इतर प्रोग्रामच असतो. एक्सपीमध्ये अशी व्यवस्था नव्हती, म्हणून एक्सपीच्या काळात बनलेली साधने नव्या विंडोजवर नेमकी येथे अडखळतात. खिडक्यांचेही तसेच आहे. साधारण अधिकाराने चालणारा प्रोग्राम, प्रशासकीय अधिकाराने उघडलेल्या खिडकीला माउस किंवा कळफलकाचे संदेश पाठवू शकत नाही.

रिमोट असिस्टन्समध्ये नियंत्रण देताना, मदत करणाऱ्याला परवानगीच्या चौकटीला उत्तर देऊ द्यावे का, असे विचारणारी खूण असते. ती करण्यासाठी मदत घेणाऱ्याकडे प्रशासकाचे अधिकार असावे लागतात. इतर साधनांत ते साधन सुरुवातीलाच प्रशासक म्हणून उघडावे. तेही शक्य नसेल, तर पडदा काळा होईल तेव्हा घाबरू नका, चौकटीत काय लिहिले आहे ते मला वाचून दाखवा, असे समोरच्याला आधीच सांगून ठेवावे. पडदा अचानक काळा झाल्यावर संगणक बिघडला असे वाटून त्याची वीज बंद करणारे लोक मी पाहिले आहेत, आणि त्यात त्यांचा काहीही दोष नव्हता.

दोन्ही बाजूंच्या प्रणाली पूर्णपणे वेगळ्या असतील, तर कोणता मार्ग सर्वांत टिकाऊ आहे?

व्हीएनसी, म्हणजे एका संगणकाचा पडदा दुसऱ्यावर दाखवणारे एक जुने साधन. त्याचे नियम १९९० च्या दशकात केंब्रिजमधील ऑलिव्हेटीच्या संशोधन प्रयोगशाळेत तयार झाले आणि ते साधे असल्यामुळेच टिकले. सर्व्हर आपल्याला येणारी सर्वोच्च आवृत्ती सांगतो, पाहणारा त्यातून आपल्याला झेपणारी निवडतो. त्यामुळे आजच्या लिनक्सवरून एक्सपीचा पडदा पाहता येतो आणि मॅकमधील पडदासामायिकीकरणही याच नियमांवर उभे आहे. मात्र मूळ व्हीएनसीचा पासवर्ड केवळ ८ अक्षरांचा असतो आणि पडद्यावरील माहिती उघडपणे वाहत असते. म्हणून ते इंटरनेटवर थेट न वापरता एसएसएचच्या बोगद्यातून किंवा व्हीपीएनमधून (दोन्ही सांकेतिक, सुरक्षित मार्ग) न्यावे.

विंडोजच्या बाजूला एक अडचण येऊ शकते. पडद्यातील बदल वेगाने टिपण्यासाठी जुने व्हीएनसी प्रोग्राम ज्या आरसा पद्धतीच्या ड्रायव्हरवर (पडद्याची प्रत पुरवणाऱ्या छोट्या प्रोग्रामवर) अवलंबून होते, ती पद्धत विंडोज ८ पासून बदलली. तेथे त्या प्रोग्रामची नवी आवृत्ती लागते.

मॅकवर जोडणी होते, पण केवळ मागचे चित्र दिसते. एकही खिडकी दिसत नाही.

पडदा टिपण्याची परवानगी दिलेली नाही. २०१९ मध्ये आलेल्या कॅटालिना या मॅकच्या आवृत्तीपासून ही परवानगी प्रत्येक ॲपसाठी वेगळी द्यावी लागते, आणि नियंत्रणासाठीची परवानगी त्याहून निराळी असते. दोन्ही परवानग्या मॅकसमोर बसलेल्या व्यक्तीनेच सेटिंगमध्ये जाऊन द्यायच्या असतात. त्यानंतर ॲप बंद करून पुन्हा उघडावे. कॅटालिनावर ३२ बिटांचे प्रोग्राम चालत नाहीत, हेही जुने साधन शोधताना लक्षात ठेवावे.

लिनक्स अद्ययावत केल्यावर जुने साधन काळा पडदा दाखवते. काय करावे?

जुनी साधने एक्स११ या पडदाव्यवस्थेसाठी लिहिलेली आहेत, जेथे कोणताही प्रोग्राम संपूर्ण पडदा वाचू शकत असे. लिनक्सच्या नव्या आवृत्त्यांत तिच्या जागी वेलँड ही नवी पडदाव्यवस्था आली आहे आणि तेथे पडदा वापरकर्त्याच्या संमतीनेच, ठरलेल्या मार्गाने मिळतो. पूर्वी प्रवेशाच्या वेळी जुनी एक्स११ व्यवस्था निवडून वेळ निभावून नेता येत असे, पण जीनोम या लिनक्सवरील डेस्कटॉपच्या ताज्या आवृत्त्यांतून तो पर्याय निघू लागला आहे. २०२२ च्या जीनोम ४२ पासून दूरस्थ प्रवेशासाठी आरडीपीचा (रिमोट डेस्कटॉपच्या संदेशनियमांचा) आधार घेतला आहे. तोच वापरणे इष्ट.

केवळ आज्ञांच्या पडद्यावरून काम करणाऱ्यांना निराळी अडचण येते. दुरून आज्ञा देण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या ओपनएसएसएचच्या २०२१ मधील ८.८ या आवृत्तीने, एसएचए-१ या जुन्या पद्धतीवर आधारित, ओळख पटवणाऱ्या आरएसए स्वाक्षऱ्या मूळ जुळणीत बंद केल्या. जुन्या सर्व्हरशी जोडायचे असल्यास त्या एका सर्व्हरपुरती सवलत आपल्या जुळणीच्या फाइलमध्ये नोंदवावी, सरसकट नव्हे.

आधार संपलेल्या, म्हणजे दुरुस्त्या मिळणे थांबलेल्या, विंडोजशी जोडल्यास माझ्या नव्या संगणकाला धोका आहे का?

पडदा पाहण्याने सहसा नाही. फाइलींची देवाणघेवाण, ड्राइव्ह आणि क्लिपबोर्ड यांची जोडणी यांतून मात्र आहे. जुन्या संगणकाशी जोडताना त्या तिन्ही गोष्टी बंद ठेवाव्यात आणि गरज पडेल तेवढ्यापुरत्याच उघडाव्यात.

खरा धोका जुन्या संगणकालाच अधिक असतो. एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ ला, विंडोज ७ चा १४ जानेवारी २०२० ला, ८.१ चा १० जानेवारी २०२३ ला आणि विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. मे २०१९ मध्ये ब्लूकीप नावाचा दोष उघड झाला. त्यात एक्सपी ते विंडोज ७ पर्यंतच्या संगणकांत रिमोट डेस्कटॉपमार्गे, कोणताही पासवर्ड न देता शिरता येत होते. तो इतका गंभीर होता, की मायक्रोसॉफ्टने आधार संपून ५ वर्षे झालेल्या एक्सपीसाठीही दुरुस्ती दिली. म्हणून राउटरवर ३३८९ पोर्ट कायमचे उघडून ठेवणे कोणत्याही सबबीवर मान्य करू नये. साहाय्य संपले, की साधन बंद करावे, पासवर्ड बदलावा आणि संगणक चालू होताना ते आपोआप सुरू होणार नाही याची समोरच्याबरोबरच खात्री करून घ्यावी.

एवढे करूनही जोडणी झालीच नाही, तर?

विंडोज ७ पासून पुढे ‘स्टेप्स रेकॉर्डर’ हे छोटे साधन प्रणालीतच असते. त्याची आज्ञा पीएसआर अशी आहे. मदत घेणाऱ्याने ते सुरू करून, अडचण येते त्या कृती नेहमीप्रमाणे कराव्यात. प्रत्येक क्लिकचे चित्र आणि वर्णन टिपले जाते आणि शेवटी सर्व काही एका झिप फाइलमध्ये जमा होते. ती ईमेलने मागवून घ्यावी. मात्र पडद्यावरील खासगी मजकूर त्या चित्रांत येतो, हे सुरू करण्याआधी सांगावे. एक्सपीवर हे साधन नाही. तेथे पडद्याचे चित्र टिपण्याची कळ, पेंट आणि दूरध्वनी यांवर काम भागवावे लागते, आणि घाई न करणारा माणूस पलीकडे असेल, तर ते भागते.